घरी बनवलेल्या लेथ ॲक्सेसरीजना काळं फिनिश कसं द्यायचं? कोकणातल्या हवेत काय टिकतं?

गुहागरचा_टर्नर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे ७ बाय १४ इंची मिनी लेथ आहे, स्विंग (म्हणजे मावणाऱ्या जॉबचा व्यास) साधारण १८० मिमी आणि दोन सेंटरमध्ये ३५० मिमी. घराच्या पडवीत ठेवलंय आणि समुद्र इतका जवळ आहे की खारा वारा थेट आत येतो. मशीनबरोबर आलेल्या सामानात फारसं काही नव्हतं म्हणून लागेल तशा ॲक्सेसरीज स्वतःच बनवायला घेतल्यात.

आत्तापर्यंत दोन गोष्टी झाल्यात. एक टेलस्टॉकमध्ये बसणारा डाय होल्डर (डाय म्हणजे रॉडवर बाहेरून आटे पाडायचं हत्यार), मागे दोन नंबर मोर्स टेपरचा, म्हणजे टेलस्टॉकमध्ये घट्ट बसणारा निमुळता आर्बर, त्याच्या पुढे १२ मिमीचा ग्राउंड रॉड आणि रॉडवर पुढेमागे सरकणारी बॉडी, जिच्या एका तोंडाला १ इंची डाय बसते आणि दुसऱ्या तोंडाला १३/१६ इंची. दुसरा कॅरेज स्टॉप, म्हणजे टूल घेऊन सरकणारी कॅरेज ठरल्या जागी अडवणारा, बेडच्या पुढच्या व्हीवर क्लॅम्प होतो, त्यात १ मिमी पिचचा स्क्रू आहे आणि त्यावर ५० भागांची ॲल्युमिनियमची डायल लावायची आहे, म्हणजे एका रेघेला ०.०२ मिमी. डायल अजून बाकी आहे.

काम दोन्ही मस्त करतात, डाय होल्डरने एम ५ चे आटे एकदम सरळ पडतात. प्रश्न फिनिशचा आहे. मशीनवरून उतरवलं की पार्ट झकास चकाकतो आणि आठवडाभरात त्यावर माझ्याच बोटांचे ठसे गंजून वर आलेले दिसतात, अगदी रेघारेघांसकट. तेल लावून ठेवलं तर बरं राहतं पण हाताळायच्या वस्तूला किती तेल लावणार. म्हणून काळं करायचं मनात आहे. बाटलीत मिळणारं कोल्ड ब्लॅकनिंगचं द्रावण, तापवून तेलात बुडवणं, की बाहेर पाठवून ब्लॅकोडायझिंग, यातलं आमच्या हवेत काय टिकेल? आणि काळं करण्याआधी पॉलिश पेपर कुठवर मारायचा, कारण टर्निंगच्या बारीक रेघा दिसतायत आणि बॉडीवर नर्लिंगही (पकडीसाठी चाक दाबून उठवलेले दाते) अजून करायचंय. बॉडी सध्या ३८.५ मिमीला आहे. ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर सांगा, लांबलं तरी चालेल.

टूलरूमवाले_काका

काम छान झालंय. आता आधी काळं करायच्या आधीचं बोलतो, कारण ब्लॅकनिंगच्या थराला जाडी अशी नसतेच, फार तर एक-दीड मायक्रॉन, त्यामुळे खाली जी रेघ आहे ती झाकली जात नाही, उलट उठून दिसते. भोसरीत टूलरूममध्ये असताना पार्ट ब्लॅकनिंगला जाण्याआधी आम्ही उजेडात तिरका धरून बघायचो, तेव्हा जे दिसतं तेच नंतर दिसणार.

एक मार्कर घ्या आणि प्रत्येक पार्टवर खुणा करा की कुठली जागा बसायची आहे, कुठली हाताची आहे आणि कुठली नुसतीच बाहेरची आहे. मोर्स टेपर, १२ चा रॉड, बॉडीचं बोअर, डाय जिथे टेकते तो खड्ड्याचा तळ आणि स्टॉपची व्ही, या बसायच्या जागा. त्यांना पॉलिश पेपर लावायचाच नाही. एच ७ (मोठा H, भोकाच्या मापाची सूट) रीमरने केलेलं १२ चं बोअर १२.००० ते १२.०१८ मध्ये असतं आणि ग्राउंड रॉड एच ६ (छोटा h, रॉडच्या मापाची सूट) चा असेल तर ११.९८९ ते १२.०००, म्हणजे अगदी वाईटात वाईट २९ मायक्रॉनचा ढिलेपणा. पेपर घासून त्यात आणखी वीस-तीस मायक्रॉन घातले की डाय तिरकी टेकायला लागते आणि आटे एका बाजूला खोल, एका बाजूला उथळ येतात. तुमचे एम ५ चे आटे आत्ता सरळ पडतायत ते या बसणीमुळे, ती जपा.

बाहेरच्या जागांचं फिनिश पेपरने आणण्यापेक्षा टूलने आणा. टर्निंगच्या रेघेची उंची काढायचा हिशोब सोपा आहे, फीडचा वर्ग करायचा आणि त्याला टूलच्या नोज रेडियसच्या, म्हणजे टोकाच्या गोलाईच्या, आठपटीने भागायचं. ०.१ मिमी फीड आणि ०.४ चा नोज असेल तर ३ मायक्रॉनच्या थोडं वर, फीड ०.०५ केलं की पाऊण मायक्रॉन. शेवटच्या कटाला ऑटो फीड सगळ्यात बारीक गिअरवर ठेवा, हाताने फिरवू नका, हाताचं फीड कधीच एकसारखं राहत नाही. पण छोट्या मशीनवर साधा कार्बाइड इन्सर्ट घेऊन अगदी पातळ कट मारायला गेलात तर तो कापत नाही, नुसता घासतो, आणि जॉबवर भुरकट पट्टे येतात. ॲल्युमिनियमसाठी जे धार लावलेले पॉलिश इन्सर्ट मिळतात ना, सीसीजीटी म्हणून, ते स्टीलवर शेवटच्या कटाला सुंदर चालतात, नाहीतर एचएसएसचं (हाय स्पीड स्टीलचं) टूल ग्राइंड करून नाक ऑइलस्टोनवर फिरवून घ्या. ३८ च्या जॉबला एचएसएसने २३० आरपीएमच्या आसपास, कार्बाइडने साडेसातशे. मटेरियल कुठलं आहे ते लिहिलं नाहीत. साधं एमएस (माइल्ड स्टील) चिवट असतं, कितीही केलं तरी पृष्ठभाग थोडा फाटल्यासारखा येतो. पुढच्या पार्टला ईएन १ए लेडेड (शिसं मिसळलेलं, सहज कापलं जाणारं स्टील) ब्राइट बार घ्या, फरक पहिल्याच कटाला दिसेल.

त्यानंतर पेपर. १८० ने सुरू करून ३२० आणि मग ६००, प्रत्येक वेळी आधीच्या रेघा पूर्ण गेल्यावरच पुढचा, तेल लावून. ६०० च्या पुढे जायची गरज नाही, फार गुळगुळीत केलं की कोल्ड ब्लॅकनिंग नीट धरत नाही आणि तेलही टिकत नाही. पट्टी दोन्ही टोकांना धरायची, जॉबभोवती कधीही गुंडाळायची नाही, हातात ग्लव्ह्ज नकोत, अंगठी काढून ठेवा, बाह्या वर. आणि खाली बेडवर आधी कागद पसरा. पेपरचे कण तेलात मिसळून बेडवर पडले की तेच लॅपिंग कंपाऊंड (धातू झिजवायची पेस्ट) होतं, प्रत्येक फेरीला कॅरेज ते बेडवर रगडत नेतं. पेपरचं काम झालं की बेड आणि कॅरेजचे वायपर पुसून नवीन तेल, यात आळस नको.

नर्लिंगबद्दल. मिनी लेथवर एका बाजूने दाबायचं नर्लिंग टूल वापरू नका, सगळा जोर स्पिंडलच्या बेअरिंगवर आणि क्रॉस स्लाइडवर येतो. कात्रीसारखं दोन्ही बाजूंनी चिमटणारं घ्या, किंवा बनवा, तीही एक चांगली घरगुती ॲक्सेसरी आहे. सरळ नर्लिंग करणार असाल आणि चाकाचं पिच १ मिमी असेल तर बॉडी ३८.२ ला आणा, म्हणजे परिघ बरोबर १२० मिमी होतो आणि दाते एकावर एक येतात, दुहेरी रेघ पडत नाही. स्पीड कमी, चाक अर्धंच जॉबवर ठेवून एकदम नीट दाबून सुरुवात, ब्रशने सतत तेल, आणि निघालेला बारीक चुरा चाकात अडकू द्यायचा नाही. झाल्यावर दोन्ही टोकांना ४५ अंशांचं चॅम्फर मारा आणि नर्लिंगवरून वायर ब्रश. राहिलेल्या सगळ्या कडा, डायच्या खड्ड्याच्या, ग्रब स्क्रूच्या भोकांच्या, बारीक कानशीने मोडून घ्या. घरचा पार्ट आणि टूलरूमचा पार्ट यातला फरक हाताला पहिला या कडांवर कळतो.

ब्लॅकोडायझिंग बाहेर करून घेणं सगळ्यात टिकाऊ. भोसरी, चाकण भागात किलोवर करतात.

रसायन_नाशिक

काकांनी मशीनची बाजू पूर्ण सांगितली आहे, मी केमिस्ट्रीची सांगतो, म्हणजे निवड करायला सोपं जाईल.

कारखान्यात जे ब्लॅकोडायझिंग होतं ते कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या घट्ट द्रावणात, साधारण १४० अंशांना. त्यात लोखंडाच्या वरच्या थराचं मॅग्नेटाइट होतं, एफई३ओ४, तोच काळा रंग. बाटलीतलं कोल्ड ब्लॅकनिंग पूर्ण वेगळं आहे. त्यात बहुतेक वेळा सेलेनियमचं आम्ल आणि कॉपर सल्फेट असतं आणि पार्टवर जो काळा थर बसतो तो कॉपर सेलेनाइडचा. तो लोखंडातून तयार झालेला नाही, वर येऊन बसलेला आहे, म्हणून घासला की जातो. दोन्हीत एक गोष्ट सारखी, थर सच्छिद्र असतो आणि त्यात मुरलेलं तेलच गंज थांबवतं. तेलाशिवायचा काळा पार्ट गुहागरमध्ये नुसता काळा दिसेल आणि गंजेल.

कोल्ड ब्लॅकनिंग करायचंच असेल तर सगळा खेळ सफाईचा आहे. भांड्याच्या साबणाने गरम पाण्यात ब्रशने घासा, पाणी पार्टवरून एकसंध पसरलं पाहिजे, थेंब थेंब होऊन फुटलं तर चिकटपणा शिल्लक आहे. त्यानंतर उघड्या हाताने शिवायचं नाही, तारेला टांगून काम करा. द्रावणात एक-दोन मिनिटं, वर काढून वाहत्या पाण्यात, वर आलेली काजळी मऊ फडक्याने पुसायची, रंग कमी वाटला तर पुन्हा एकदा. शेवटी ओल्या पार्टवरच पाणी हटवणारं तेल मारायचं आणि रात्रभर तसंच निथळत ठेवायचं. सेलेनियमची संयुगं विषारी आहेत, रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच, भांडी स्वयंपाकघरातली नकोत आणि उरलेलं द्रावण विहिरीच्या आसपास किंवा परसात ओतायचं नाही.

गरम कॉस्टिकचं काम घरी करू नका, हे अगदी मनापासून सांगतो. १४० अंशांच्या द्रावणात पाण्याचा थेंब पडला तरी ते उसळून बाहेर येतं आणि डोळ्यात कॉस्टिक गेलं तर दृष्टी जाऊ शकते. आणि तुमची ॲल्युमिनियमची डायल चुकूनही ब्लॅकनिंगच्या लॉटबरोबर पाठवू नका, कॉस्टिकमध्ये ॲल्युमिनियम विरघळतं आणि हायड्रोजन सुटतो. स्टॉपमध्ये स्प्रिंग असेल तर तिला कुठल्याही आम्लात टाकू नका, कडक स्टील हायड्रोजनने ठिसूळ होतं आणि नंतर ताण आल्यावर तुटतं.

गुहागरचा_टर्नर

काका, रसायन सर, दोघांचे खूप आभार. मटेरियल साधं एमएस आहे, फाटल्यासारखं म्हणालात तसंच दिसतंय. ३८.२ चा हिशोब लगेच वहीत लिहून घेतला, नर्लिंग सरळच करणार आहे.

भोसरीला पाठवणं मात्र जमण्यासारखं नाही, एवढ्याशा पार्टसाठी तिकडचं कोणी घेईलसं वाटत नाही आणि पुढेही असेच एकेक पार्ट होत राहणार. घरीच होईल आणि टिकेल असं काही आहे का? तापवून तेलात बुडवायची पद्धत कोणी केली आहे का?

उद्यमनगर_कोल्हापूर

दादा, आमचं छोटं वर्कशॉप आहे आणि फिक्स्चरचे एकटदुकट पार्ट मीच काळे करते, तेलातले पण आणि गंजवून पण. दोन्ही सांगते.

तेलाची पद्धत झटपट आहे. पार्ट गॅस टॉर्चने सगळीकडून सारखा तापवायचा आणि रंगाकडे लक्ष ठेवायचं, आधी गवती पिवळा येतो, तो २३० च्या आसपास, मग तपकिरी, जांभळा आणि ३०० च्या जवळ निळा. निळा जाऊन राखाडी व्हायला लागला की चिमट्याने धरून एका दमात पूर्ण तेलात. अर्धवट बुडवायचं नाही, तेल पेटतं ते पृष्ठभागावर, गरम लोखंड आणि हवा जिथे भेटतात तिथे. भांडं लोखंडी, खोल आणि अर्धंच भरलेलं, बरोबर बसणारं झाकण बाजूला तयार, आणि काम उघड्यावर, पडवीत अजिबात नको. जुनं इंजिन ऑइल बरेच जण वापरतात पण त्याचा धूर घाण असतो, मी जवसाचं तेल वापरते, ते तापून पार्टवर वॉर्निशसारखं बसतं आणि तेवढाच एक थर जास्त मिळतो. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी मात्र चुरगाळून टाकू नका, आपोआप पेटतात, वाळत घाला किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

याचा तोटा असा की जळालेल्या तेलाचा थर सगळीकडे सारखा नसतो, त्यामुळे १२ च्या बोअरला किंवा बसायच्या कुठल्याही जागेला ही पद्धत चालणार नाही, बॉडी नंतर रॉडवर सरकणारच नाही. कॅरेज स्टॉपचा क्लॅम्प, हँडल, टॉमी बार यांना उत्तम. आणि ज्याला पाणी दिलेलं आहे, म्हणजे तापवून विझवून कडक केलेला, असा कुठलाही पार्ट यात घालू नका, ३०० ला कडकपणा उतरतो.

डाय होल्डरच्या बॉडीला मी गंजवूनच काळं केलं असतं, आणि तुम्ही राहता तिथली हवा यासाठी आयती आहे. बंदुकीच्या नळ्यांना पूर्वापार असंच काळं करतात. तत्त्व असं की लोखंडावर आधी मुद्दाम बारीक, एकसारखा तांबडा गंज आणायचा आणि मग पार्ट उकळत्या पाण्यात टाकायचा, तांबड्या गंजाचं तेच मॅग्नेटाइट होतं जे रसायन सर म्हणाले. फक्त एका वेळी अगदी पातळ थर मिळतो म्हणून परत परत करायचं.

माझी पद्धत लिहिते. पार्ट ४०० पर्यंत पेपर करून, साबणाने धुऊन, तारेला टांगलेला. बोअरमध्ये दोन्ही बाजूंनी लाकडाची खुंटी ठोकून वॉर्निश लावलेलं, म्हणजे आत गंज जात नाही, डायच्या खड्ड्याच्या तळालाही वॉर्निशचा हात. गंज आणायला मेडिकलमध्ये मिळणारं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, त्यात थोडं व्हिनेगर आणि चिमूटभर मीठ. हे लागेल तेवढंच करायचं आणि बंद बाटलीत भरून ठेवायचं नाही, गॅस सुटून बाटली फुटते. कापसाच्या बोळ्याने अगदी पातळ, जवळजवळ सुका हात, ओघळ येता कामा नये. ओघळ आला की तिथे खड्डे पडतात आणि ते शेवटपर्यंत दिसतात. मग दमट जागी टांगून ठेवा. आमच्याकडे उन्हाळ्यात मला ओल्या फडक्याची पेटी करावी लागते, तुमच्याकडे श्रावणात नुसतं मोरीत टांगलं तरी काही तासांत शेंदरी मखमल येईल.

नंतर इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी स्टीलच्या पातेल्यात उकळायचं आणि पार्ट त्यात वीस मिनिटं. पार्ट पाण्यात असतानाच शेंदरी रंग कडांकडून काळा होत जातो, पहिल्यांदा बघाल तेव्हा तिथून हलणार नाही तुम्ही. नळाचं किंवा विहिरीचं पाणी नको, क्षारांचे पांढरे डाग राहतात. बाहेर काढल्यावर वर मखमली काळी पूड असते, ती सगळ्यात बारीक स्टील वूलने हळू काढायची. नवीन स्टील वूलला तेल असतं, ते आधी थिनरमध्ये धुऊन घ्या. खाली राखाडी थर दिसेल. पुन्हा द्रावण, पुन्हा गंज, पुन्हा उकळी. चार-पाच फेऱ्यांत चांगला खोल काळा येतो, थोडा निळसर, चमक नसलेला. शेवटची उकळी नव्या पाण्यात द्यायची म्हणजे मिठाचा अंश राहत नाही, तो राहिला तर नंतर आतून गंज फुटतो. गरम असतानाच तेलात बुडवून रात्रभर ठेवायचं.

वेळ लागतो, खर्च काहीच नाही, आणि हा थर नखाने किंवा फडक्याने जात नाही. नर्लिंगवर तर फारच छान दिसतो, दातांच्या टोकांना हळूहळू हाताने पॉलिश येतं आणि खोबणी काळी राहते.

डोंबिवलीकर_मेकर

ताईंनी लिहिलंय ते सेव्ह करून ठेवलं. मी एवढंच घालतो की हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की स्टीलचं गंजणं झपाट्याने वाढतं आणि कोकणात ती जून ते सप्टेंबर सतत वरच असते, म्हणून फिनिश काहीही करा, पार्ट बंद कपाटात ठेवा आणि आत १५ वॅटचा जुना पिवळा बल्ब चालू ठेवा. कपाट बाहेरच्यापेक्षा दोन-चार अंश गरम राहिलं तरी आतल्या वस्तूंवर दव धरत नाही. मोर्स टेपर आणि रॉडला ६८ ग्रेडचं स्लाइडवेचं तेल लावा, ते चिकटून राहतं, स्प्रेचं पातळ तेल उडून जातं. टेपर वापरायच्या आधी पूर्ण पुसून कोरडा करायचा, नाहीतर टेलस्टॉकमध्ये फिरेल.

गुहागरचा_टर्नर

ताई, तुम्ही सांगितलेली गंजाची पद्धत नक्की करणार, पाऊस सुरूच आहे. बॉडीचं मशीनिंग पूर्ण करून मगच घेतो. क्लॅम्प आणि टॉमी बार तेलात.

आता डायलचं राहिलं. ॲल्युमिनियमवर ५० रेघा एकसारख्या कशा मारायच्या? माझ्याकडे डिव्हायडिंग हेड (जॉब सारख्या भागांत फिरवायचं साधन) नाही. आणि स्टॉपला बाहेरून आणलेले ॲलन बोल्ट आणि झिंकचा मुलामा दिलेले नट आहेत, तेही काळ्या पार्टवर विचित्र दिसतायत.

टूलरूमवाले_काका

डिव्हायडिंग हेड लागत नाही, मशीनबरोबर आलेल्या चेंज गिअरमध्ये (आट्यांचं पिच बदलायला बदलतात ती गिअर) ५० दातांचं गिअर असेल बघा. ते स्पिंडलच्या मागच्या टोकाला एक्स्पांडिंग मॅन्ड्रेलने बसवा, म्हणजे एक रॉड, ज्याच्या टोकाला उभी चीर आणि आत टेपरचा बोल्ट, बोल्ट आवळला की टोक फुगून स्पिंडलच्या बोअरमध्ये घट्ट होतं. गिअरच्या दातात बसणारी पट्टी हेडस्टॉकच्या बाजूला स्क्रूने पक्की करा आणि तिला नेहमी एकाच बाजूने स्प्रिंगचा किंवा रबराचा ताण द्या, म्हणजे दातातला ढिलेपणा प्रत्येक रेघेला एकाच दिशेला राहतो. हे काम करताना मशीनचा प्लग भिंतीतून काढून ठेवायचा, नुसतं बटण बंद नाही. स्पिंडलला मागून काहीही अडकवलं असताना मोटर चालू झाली तर ते अंगावर येतं. हाताने आटे पाडायला स्पिंडलला हँडल लावतात तेव्हाही हाच नियम.

डायल चकमध्ये, टूलपोस्टमध्ये ६० अंशांचं टोकदार टूल आडवं, टोक बरोबर सेंटर हाइटला. मोटर बंद, कॅरेज हाताने पुढेमागे करून रेघ ओढायची, खोली ०.१५ मिमीच्या आसपास, दोन हलक्या फेऱ्यांत. रेघांची लांबी तीन प्रकारची ठेवा, साधी, पाचवी आणि दहावी, आणि लांबी जुळवायला तुमचा कॅरेज स्टॉपच लावा. आकडे पंचने मारणार असाल तर रेघा आधी, आकडे नंतर, आणि शेवटी पुन्हा एक अगदी पातळ कट, पंचामुळे कडेला धातू वर उचलला जातो तो निघून जातो. मग रेघांमध्ये काळा ऑइल पेंट भरून ओला असतानाच कागदाने पुसा, फडक्याने नाही, फडकं रेघेतला रंगही ओढून काढतं. डायलला बाकी काही करू नका, ६०० चा पेपर एका दिशेने फिरवून पातळ मेणाचा हात. चमक कमी असली की आकडे चांगले वाचता येतात.

आणि तो स्टॉप ऑटो फीड चालू असताना कधी वापरू नका. या मशीनना फीडमध्ये क्लच नसतो, कॅरेज स्टॉपवर आदळली की एकतर स्टॉप सरकतो नाहीतर प्लास्टिकचं गिअर जातं. फीड दोन-तीन मिलिमीटर आधी सोडून शेवटचं हाताने टेकवायचं.

उद्यमनगर_कोल्हापूर

नट-बोल्टचं मी सांगते. १२.९ ग्रेडचे ॲलन बोल्ट काळेच येतात, तेच घ्या आणि त्यांना काही करू नका, टॉर्च तर नाहीच. झिंकच्या नटला टॉर्च लावायचा नाही, फार तापलं की झिंकचा पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. मुलामा काढायचाच असेल तर नट तासभर व्हिनेगरमध्ये उघड्यावर ठेवा, बुडबुडे यायचे थांबले की झिंक गेलं, मग सोड्याच्या पाण्यात धुऊन लगेच गंजवायला घ्या. पण त्यापेक्षा बॉडीच्याच उरलेल्या बारमधून नर्ल केलेला नट तुम्हीच टर्न केलात तर आवळायला पाना लागणार नाही आणि बॉडीबरोबर एकाच पातेल्यात काळाही होईल.